बाल्कनीतला पाला, घरचं खत आणि नवशिक्याची फोडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे आहेत. दोन-तीन हात रुंद बाल्कनी, दिवसातून तीन-चार तास ऊन, आणि घरात कुणीतरी नुकतंच स्वयंपाकाला लागलेलं. उत्तरंही त्याच बेतानं दिली आहेत. ज्यांच्या घरामागे परसू आहे त्यांनी यातलं निम्मं सोडून द्यावं.

बाल्कनीत भाजी लावून खरंच पैसे वाचतात का?

भाजीत नाही वाचत, पाल्यात वाचतात. कोबी, फ्लॉवर, बटाटे यांच्या वाटेला जाऊच नका. कोबीचा एक गड्डा अडीच-तीन महिने कुंडी अडवून बसतो आणि मंडईत तो कुंडीतल्या मातीपेक्षा स्वस्त मिळतो.

पैसे जातात ते दुसरीकडे. कोथिंबीर हवी असते चार काड्या, घ्यावी लागते जुडी, आणि उरलेली फ्रिजच्या तळाशी काळी पडते. पुदिना, गवती चहा, ओल्या लसणाची पात, हिरवी मिरची, सगळ्यांचं तेच. पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव कडाडला की हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून आमचा नियम एकच: जे चिमटीनं लागतं आणि जुडीनं विकत घ्यावं लागतं, ते घरी लावायचं. बाकीचं भाजीवाल्या मावशींकडून.

आणि हो, पहिल्याच दिवशी रंगीत कुंड्या, लोखंडी स्टँड, तयार मातीच्या पिशव्या आणि हातमोजे घेऊन आलात तर हिशेब कधीच जुळणार नाही. तो शौक आहे. शौक म्हणून उत्तम, पण त्याला काटकसर म्हणू नका.

पहिल्यांदा काय लावावं?

मेथी. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे रात्री भिजवायचे, सकाळी ओल्या मातीवर पसरायचे आणि बोटभर मातीनं झाकायचे. तीन ते पाच दिवसांत कोंब दिसतात, महिन्याभरात पानं काढता येतात. मातीचा थर चार-पाच इंचांचा असला तरी पुरतो, त्यामुळे मिठाईचा रिकामा डबासुद्धा चालतो. मात्र एका कुंडीत चार माणसांची भाजी होईल अशी आशा धरू नका. निघते ती मूठभर, म्हणजे एका वेळच्या थालीपिठापुरती किंवा वरणात घालण्याइतकी. नवशिक्याला तेवढीच बरी.

त्यानंतर कोथिंबीर. धणे आख्खे पेरू नयेत. वाटीच्या बुडानं हलके दाबून त्यांची दोन दलं करायची, रात्रभर भिजवायची आणि मग पेरायची. आठ ते बारा दिवस काहीच दिसत नाही. याच काळात लोक माती उकरून बघतात आणि आलेले कोंब मोडतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ती पानं देण्याआधीच फुलोऱ्यावर येते, तेव्हा त्या दिवसांत कोथिंबिरीचा हट्ट सोडावा. भाजलेले किंवा वर्षानुवर्षं डब्यात पडलेले धणे उगवत नाहीत हे सांगायला नको, पण विचारणारे बरेच असतात.

पुदिना बियांपासून नाही, काडीपासून करायचा. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या घ्या, खालची पानं काढा, ग्लासभर पाण्यात ठेवा. आठवड्याभरात मुळं फुटली की कुंडीत. त्याला स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर तो शेजाऱ्याची जागा बळकावतो. पानओवाही फांदी खोचली की लागतो आणि संध्याकाळी पाऊस आला की त्याच्या पानांची भजी करता येतात. गवती चहा घेताना खालचा पांढरा भाग आणि थोडी मुळं असलेला ठोंब मागून घ्या. बाजारात मिळतो तो बहुतेकदा वरून कापलेला असतो, त्याला मुळं फुटत नाहीत.

कढीपत्ता शेवटी, कारण तो सावकाश वाढतो. जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती मुळांतून फुटवे येतात, त्यातलं एखादं मुळासकट मिळालं तर बाजारच्या रोपापेक्षा बरं. पहिलं वर्ष त्याची पानं तोडू नका. पुढे तोडताना एकेक पान न ओरबाडता फांदीचा शेंडा खुडा, म्हणजे बाजूनं फुटवे येतात. आंबट ताक पाण्यात पातळ करून घालण्याची रीत घरोघरी आहे, आणि तसंही जास्त आंबलेलं ताक कुणी पीत नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची?

मिरची जरूर लावा, एक रोपटं दोन माणसांना पुरतं. टोमॅटो आणि वांग्याला रोज सहा तास ऊन लागतं. ते नसेल तर उंच वाढलेलं हिरवं झाड मिळेल, फळ नाही. पिकलेला टोमॅटो कुस्करून टाकल्यावर रोपं येतात खरी, पण बाजारचा टोमॅटो बहुधा संकरित वाणाचा असतो, त्यामुळे फळ आईसारखंच येईल याची खात्री नसते.

कुंड्या विकत न घेता कशात लावता येईल?

रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या सगळ्यात कामाच्या. इमारतीचं रंगकाम चालू असलं की रंगाऱ्यांकडे त्या पडून असतात. भिंतीच्या पाण्यातल्या रंगाची बादली घ्या, ऑइलपेंटची नको. आत वाळलेला रंग खरवडून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या. तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा दिसायला छान, पण उन्हात तापून मुळं भाजतात आणि एक-दोन पावसाळ्यांत बूड गंजतं. वापरायचाच तर बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि कापलेली कड हातोडीनं आत वळवा, नाहीतर हात कापतो. कीटकनाशकाचा किंवा फिनेलचा डबा कितीही धुतला तरी खाण्याच्या झाडाला वापरायचा नाही.

रोपं तयार करायला दुधाच्या पिशव्या आहेतच. कोपरे कापले की पाणी जायला जागा होते. नारळाच्या करवंटीला छिद्र पाडायला ड्रिल शोधत बसू नका. डोळ्यांकडचा अर्धा भाग घ्या. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, त्यात खिळा घुसवला की झालं. तीन बाजूंना सुतळी बांधून टांगली की त्यात एखादी वीतभर वेल किंवा पुदिन्याची काडी सुखानं राहते. शहाळ्यात तर माती भरून रोप लावता येतं आणि वर्षाभरात ते शहाळंच कुजून खत होतं.

मायाळू, वाल, दोडका असे वेल चढवायला नायलॉनची दोरी वापरू नका, ती कोवळी खोडं कापते. जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून त्यांची वेणी घालावी. मऊ असते, वेलाला पकडायला खरखरीत पृष्ठभाग मिळतो आणि एक हंगाम सहज टिकते. कुंडीत काय पेरलंय ते लिहून ठेवायला आइस्क्रीमची काडी आणि साधी शिसपेन्सिल. मार्कर उन्हानं उडतो, पेन्सिल उडत नाही.

बाल्कनीवर किती वजन चालतं? सोसायटीचे लोक हरकत घेतात.

हरकत अगदीच अनाठायी नाही. 20 लिटरच्या बादलीत नुसती माती भरून पाणी घातलं की वजन तीस किलोच्या वर जातं. अशा दहा बादल्या बाहेर आलेल्या सज्जाच्या कठड्याला लावून ठेवणं योग्य नव्हे. जड कुंड्या आतल्या भिंतीच्या बाजूला ठेवा आणि मातीचं प्रमाण कमी करा. एक भाग माती, एक भाग घरचं खत, एक भाग नारळाच्या शेंड्या किंवा कोकोपीट (शेंड्यांचा भुसा) एवढं पुरतं.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. शेतीचे प्रयोग स्वतः करून बघणाऱ्यांचा त्यांचा गट म्हणजे प्रयोग परिवार, त्यातल्या लोकांनी शहरातल्या गच्चीवर उसाचं चिपाड आणि पालापाचोळा भरून, माती नाममात्र वापरून भाजीपाला घेता येतो हे दाखवून दिलं. रसवंतीवाला चिपाड टाकूनच देतो. आणल्यावर आठ-दहा दिवस ओलं करून ठेवा, म्हणजे त्यातली साखर उतरते. एरवी मुंग्यांचं वारूळ घरात आणल्यासारखं होईल.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करताना वास येतो. काय चुकतं?

सुकं कमी पडतं, दुसरं काही नाही. ओला-सुका कचरा वेगळा करणं 2016 च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारकच आहे, त्यामुळे अर्धं काम बहुतेक घरांत आधीच झालेलं असतं. पुढचं असं: तळाला आणि बाजूंना छिद्रं पाडलेली बादली किंवा जुना माठ घ्या. तळाशी नारळाच्या शेंड्या. त्यावर रोजचा ओला कचरा, आणि प्रत्येक थरावर किमान तेवढाच, जमल्यास दुप्पट वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेलं वर्तमानपत्र. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक घाला, म्हणजे कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. आठवड्यातून एकदा वर-खाली करा. दोन-तीन महिन्यांत ते काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

मूठ घट्ट दाबल्यावर पाण्याचे थेंब गळले तर जास्त ओलं, मुठीचा गोळाच होत नसेल तर फार कोरडं. चिलटं झाली तर फळांच्या साली खाली दाबून वर सुक्याचा जाड थर द्या. मोठ्या करड्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळं फेकून देतात. काळ्या सैनिक माशीच्या त्या अळ्या कचरा झपाट्यानं खातात आणि झाडाला काही करत नाहीत. शिजवलेलं तेलकट अन्न, मासळी, मटणाची हाडं सुरुवातीला नकोत. लिंबाच्या साली थोड्याच.

चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, डाळ-तांदळाचं पाणी झाडांना चालतं?

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी थेट घाला. भाजी उकडलेलं पाणी गार करून आणि त्यात मीठ नसेल तरच. चहाचा चोथा दूध-साखर निघेपर्यंत धुवायचा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी. अंड्याच्या टरफलांची वाळवून पूड करा. आख्खी टोचली तर वर्षभर तशीच दिसतील.

कबुतरं पेरलेलं सगळं उकरतात.

झिजलेला खराटा फेकू नका. त्याच्या काड्या चार-चार बोटांवर मातीत उभ्या खोचा. कबुतराला बसायला जागा राहिली नाही की ते कुंडीत उतरत नाही. रोपं वीतभर झाली की काड्या काढून घ्या. चकाकत्या सीडी टांगण्याचा उपाय सगळे सांगतात. कबुतरं आठवड्याभरात त्यांना सरावतात.

पानांमागे पांढरा कापूस किंवा बारीक हिरवे किडे दिसतात.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, हिरवे किडे म्हणजे मावा. आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागच्या बाजूला. मग रिठ्याचं पाणी. तरी राहिले तर लिटरभर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. खाण्याची पानं असल्यानं फवारल्यावर काही दिवस तोडू नका आणि तोडल्यावर नीट धुवा. फारच कीड असलेली फांदी सरळ कापून टाका, तिची माया धरू नका.

गणपतीला आठवडाभर गावी जातो. झाडांना पाणी कोण घालणार?

शेजारच्या काकू, आणि त्या नसतील तर वात. कुंड्यांच्या मध्ये, थोडी उंचावर, पाण्यानं भरलेली झाकणाची बादली ठेवा. जुन्या परकराच्या सुती नाड्यांचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत आणि दुसरं कुंडीत तीन-चार बोटं खोल. नाडी आधी पूर्ण भिजवून घ्यावी. सुतीच हवी, नायलॉनची पाणी ओढत नाही. जाण्याआधी घरीच दोन दिवस चालवून बघा, किती पाणी लागतं त्याचा अंदाज येतो. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र उपड्या करून जा. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात. बादलीचं झाकणही त्यासाठीच, नाडीपुरती फट सोडून.

स्वयंपाक अजिबात येत नाही. सुरुवात कुठून करू?

फोडणीपासून. ती जमली की वरण, भाजी, चटणी, कोशिंबीर, फोडणीचा भात, सगळ्याचा रस्ता मोकळा होतो.

चुकते ती घाईत. तेल पुरतं तापायला हवं. मोहरीचा एक दाणा टाकून बघा, तो लगेच तडतडला तर तापलं. मग सगळी मोहरी. ती तडतडून शांत व्हायला आली की जिरं, मग आच कमी करून हिंग, कढीपत्ता, आणि हळद सगळ्यात शेवटी. या क्रमाला कारण आहे: मोहरीला सगळ्यात जास्त उष्णता लागते आणि हळद-तिखट काही सेकंदांत जळतात. मोहरी न तडतडता राहिली तर दाताखाली कडू लागते, हळद जळली तर सगळी भाजीच कडू. कढीपत्ता झाडावरून तोडून धुतलात तर पुसून घ्या, ओला पडला की तेल अंगावर उडतं. हळद पडल्याबरोबर भाजी किंवा पाणी टाकायला हाताशी हवं. म्हणूनच गॅस पेटवायच्या आधी सगळं चिरून घ्यायचं.

भात कुकरमध्ये एका वाटीला दोन वाट्या पाणी. तूरडाळीला तीन वाट्या, त्यात हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब, म्हणजे फेस शिट्टीतून बाहेर येत नाही. शिट्ट्या किती हे प्रत्येक कुकरचं वेगळं असतं, तुमच्या कुकरचं तुम्हीच शिकाल. वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण उघडायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना सारखं.

घरची मूठभर मेथी. तिचं काय करायचं?

थालीपीठ. भाजणी, बारीक चिरलेली मेथी, कांदा, तिखट, मीठ, ओवा, पाणी. पोळी लाटण्याआधी हाताला पीठ कळायला याहून चांगला पदार्थ नाही. वाकडं झालं तरी थालीपीठच असतं. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोकं पाडून त्यात तेल सोडा आणि झाकण ठेवा.

भाजीच करायची झाली तर दोन गोष्टी. मेथी शिजताना फार आटते, म्हणून मीठ शेवटी. आणि झाकण ठेवू नका, त्यानं कडवटपणा वाढतो आणि हिरवा रंगही जातो. भाजी कमी वाटली तर शेवटी बेसन पेरायचं. पीठ पेरलेली मेथी म्हणजे एकाची भाजी तिघांना.

कुंडीत अळू चांगलं येतं, पण खाल्ल्यावर घसा खवखवतो.

अळूला ऊन कमी चालतं आणि पाणी भरपूर, त्यामुळे बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्याला ते फार मानवतं. बाथरूमच्या बाजूची कुंडी असेल तर तिथेच. वडीसाठी काळपट देठाचं अळू, पातळभाजीसाठी हिरव्या देठाचं, एवढी पारख पुरे.

खवखव होते ती पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या टोकदार स्फटिकांमुळे. ते घशात टोचतात. त्यावर घरोघरीचा उपाय दोन पायांवर उभा आहे: पुरेसं शिजवणं आणि आंबट. चिरताना हाताला तेल लावा. देठांची साल सोलून टाका. फतफत्यासाठी आठ-दहा पानं, भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे कुकरला लावून पान अगदी गिच्च शिजवा. डाळ-दाणे बाजूला काढून पान रवीनं घोटा, त्यात दोन चमचे बेसन पाण्यात कालवून लावा. मग चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, मीठ. उकळी आली की डाळ-दाणे परत घाला, वर खोबऱ्याचे काप आणि तेलाची चरचरीत फोडणी, तिच्यात लाल मिरची. मिळाला तर पानांबरोबर आंबट चुकाही शिजवा, मग चिंच कमी लागते. श्रावणात हे आणि गरम भात असला की दुसरं काही करू नये. तरीही खवखवलं तर अजून दहा मिनिटं उकळा आणि थोडी चिंच वाढवा. रस्त्याकडेला, नाल्याकाठी उगवलेलं अळू मात्र आणू नका. ते कोणत्या पाण्यावर वाढलं हे कळत नाही, आणि अळूसारखी दिसणारी न खाण्याजोगी रानटी झाडंही असतात.

भाजी निवडताना इतकं काही टाकलं जातं. सगळं खतातच घालायचं का?

आधी पोटात, मग खतात. दोडका सोलताना निघणाऱ्या शिरा तेलावर कुरकुरीत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटा. ही चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा लोकांना जास्त आवडते, हे भाजी करणाऱ्यानं मनाला लावून घेऊ नये. मुळ्याचा पाला पीठ पेरून. फ्लॉवरचे कोवळे देठ पातळ चिरून त्याच भाजीत. कोथिंबिरीच्या काड्यांत पानांपेक्षा जास्त स्वाद असतो, त्या वाटणात घालाव्यात.

शिळं उरलेलं?

शिळ्या पोळ्या कुस्करून कांदा, मिरची, दाणे घालून फोडणीची पोळी. भाताचं जपून. तो रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. शिजलेल्या भातात टिकून राहणाऱ्या जिवाणूंचं विष नंतर गरम केल्यानंही जात नाही. जेवण झाल्यावर लगेच पसरून गार करून फ्रिजमध्ये, आणि सकाळी फोडणीचा भात, त्यावर घरची कोथिंबीर.

मुलगी शिकायला परदेशात आहे. तिथे खोलीत काही लावता येईल?

मेथी आणि लसणाची पात. दोन्ही खिडकीच्या कट्ट्यावर येतात. कोंब आलेली लसणाची पाकळी टोक वर करून दही संपलेल्या डब्यात लावायची. पात बोटभर ठेवून कापली की पुन्हा वाढते. थंडीच्या देशात खिडकीच्या काचेला पानं चिकटू देऊ नये. बी विमानातून नेऊ नका, अनेक देशांत त्याला बंदी किंवा परवानगीची अट असते. तिथल्या भारतीय किराणा दुकानात मेथीदाणे मिळतात आणि तेच उगवतात.

सासूबाई म्हणतात, दिवेलागणीनंतर पानं तोडू नयेत. खरं का?

तुळशीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालू नका. बाकीच्या पाल्याचं म्हणाल तर सकाळी तोडलेली पानं रात्रीच्या गारव्यानं टवटवीत असतात आणि जास्त टिकतात, त्यामुळे जुडी करून ठेवायची असेल तर सकाळच बरी. तेल तापत ठेवून रात्री आठ वाजता कढीपत्त्याची डहाळी तोडायला धावणारी माणसं आमच्या माहितीत बरीच आहेत, आणि त्यात काही सासूबाईही आहेत.